उसनी नजर

दहा वर्षांचा होईपर्यंत पणतीची ज्योत कशी असते हे मला ठाऊक नव्हते. दिवाळीच्या संध्याकाळी आई ओट्यावर, तुळशीपाशी, गोठ्याच्या दारात पणत्या मांडी आणि मला त्या जागी झेंडूची भली मोठी फुले दिसत. पिवळी-नारिंगी, कडा विरघळलेली, एकमेकांत मिसळलेली. समोरच्या घरची ओळ तर दारावर तोरण लोंबावे तशी लोंबे. साऱ्या जगाला दिवाळी अशीच दिसते अशी माझी समजूत होती, आणि ती खोटी ठरवण्याचे कोणाला कारणही पडले नव्हते. आपल्याला दिसते तसेच दुसऱ्याला दिसते असे धरूनच तर माणसे एकमेकांशी बोलत असतात.

माझे बिंग फुटले मंडईत. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी संपली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुण्यांची गर्दी, रात्री दंडार नाहीतर नाटक. ही गोष्ट १९८९ सालची. तेव्हा आमचा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. बाबा मला दंडार दाखवायला घेऊन गेले. आम्हांला जागा मिळाली ती अगदी मागे, एका सोडलेल्या बैलगाडीवर. पुढे सोंगाड्या काही करी आणि लोक हसत. लोक हसले की मी हसे. बाबांच्या ध्यानात आले की पोराचे हसणे दरवेळी थोडे मागून येते.

"त्यानं आता का केलं, सांग बरं?" त्यांनी विचारले.

"हसवलं," मी म्हणालो.

"कसं हसवलं?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. सोंगाड्याने जीभ बाहेर काढून डोळे फिरवले होते, हे मला बाबांकडून कळले. मला तेथे फक्त एक लाल डाग हलताना दिसत होता. दुसऱ्याच आठवड्यात बाबांनी मला गोंदियाला नेले आणि माझ्या नाकावर चष्मा बसला. दुकानातून बाहेर पडल्यावर मी पहिल्याने काय पाहिले असेल, तर चिंचेचे झाड. चिंचेला सुटी सुटी पाने असतात आणि ती जमिनीवरूनही दिसतात, हा शोध मला त्या दिवशी लागला. घरी येईपर्यंत मी वर पाहत चालत होतो आणि दोनदा ठेच खाल्ली.

त्यानंतर जूनमध्ये नवी पुस्तके, नवी छत्री आणि नवा नंबर हा आमच्या घरचा रिवाज झाला. पहिला नंबर उणे दोन होता. मॅट्रिकला उणे सहा झाला. पंचविशीत उणे नऊवर येऊन थांबला. काचा जाड होत गेल्या आणि त्यांच्यामागे माझे डोळे बारीक होत गेले. वर्गातल्या मुलांनी मला जे टोपणनाव दिले ते मला माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही. तेव्हा ते येथे लिहीत नाही. एकंदरीत चष्म्याशी माझे भांडण नव्हते. चष्मा म्हणजे थोडी गैरसोय, यापलीकडे मी कधी विचारच केला नव्हता.

२०१९ साली तो करावा लागला. सहामाहीचे पेपर तपासत होतो. उजव्या डोळ्यासमोर काळ्या माश्या फिरू लागल्या. मी दोन-तीनदा हाताने हाकलल्या. दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या एका कोपऱ्यातून कोणी सावकाश पडदा ओढावा तसा अंधार सरकत आला. 'डोळ्याचा पडदा सरकला' हे शब्द मी लोकांच्या तोंडून ऐकले होते, पण ते इतके शब्दशः खरे असतील असे वाटले नव्हते. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. डोळा वाचला, पण पूर्वीसारखा राहिला नाही. आज त्या डोळ्याने वहीतली रेघ पाहिली तर ती मध्येच वाकडी होते.

"तुमचा डोळा लांब आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आजवर माझी जीभ लांब आहे असे पुष्कळांनी म्हटले होते. डोळा लांब असल्याचे प्रथमच ऐकले. विज्ञानाशी माझी ओळख मॅट्रिकच्या पुस्तकापुरती. त्यात निकटदृष्टितेची आकृती होती आणि तिला तीन गुण होते. ती मी पाठ केली होती आणि ते तीन गुण मिळवलेही होते. पण त्या आकृतीतले बुबुळ माझे आहे हे काही माझ्या डोक्यात शिरले नव्हते.

गोष्ट अशी आहे. जन्मतः डोळ्याचा गोल समोरून मागे सुमारे १७ मिलीमीटर लांब असतो. तो वाढत वाढत मोठ्या माणसात २४ मिलीमीटरच्या आसपास थांबतो. काहींचा थांबत नाही. मग बाहेरचे चित्र मागच्या दृष्टिपटलावर पडण्याऐवजी त्याच्या अलीकडेच पडते आणि दूरचे सारे धूसर होते. डोळा एक मिलीमीटर जास्त लांबला की नंबर अडीच-तीनने चढतो. माझा डोळा २७ मिलीमीटरच्या पुढे गेलेला. चष्मा चित्र मागे ढकलून जागेवर आणतो, पण लांबलेला डोळा आखूड करीत नाही. आणि डोळा लांबला म्हणजे आतले दृष्टिपटल ताणले जाते. करंजीची पारी हवी त्याहून मोठी लाटत गेले की ती कडेला विरते आणि कुठेतरी फाटते, तसे ते फाटू शकते. नंबर म्हणजे केवळ काचेची जाडी नव्हे, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळले. आणि कळले तेव्हा घरात दोन मुली होत्या.

थोरलीची नजर स्वच्छ निघाली. धाकटी आठ वर्षांची असताना, जानेवारी २०२३ मध्ये, मी तिला सारस दाखवायला परसवाड्याच्या तळ्याकडे घेऊन गेलो. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर आमच्या गोंदियाकडेच यावे लागते, आणि या गोष्टीचा आम्हां लोकांना धानाइतकाच अभिमान आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत हा सर्वांत उंच. माणसाच्या खांद्याला लागेल असा. सकाळच्या उन्हात बांधापलीकडे जोडी उभी होती. लाल माना, राखी अंग. जाड चष्म्यातून, एका अधू डोळ्याने मलाही ती नीट दिसत होती.

"ते बघ," मी म्हणालो.

"हो बाबा, किती छान!" ती म्हणाली.

तिच्या त्या बोलण्यात काहीतरी अर्धा क्षण मागून आले. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. ती डोळे बारीक करून भलत्याच बांधाकडे पाहत होती. मी घोटाभर चिखलात तसाच उभा राहिलो. दंडारीच्या रात्री बाबांना काय वाटले असेल ते मला चौतीस वर्षांनी समजले. जमीन दिली नाही, घर दिले नाही. लेकीला वारसा दिला तो हा!

तिला चष्मा लागला, उणे दीड. वर्षाने पाहिले तर उणे पावणेतीन. माझ्या लहानपणीचा जून महिना परत आला होता. तिचे चष्मे खो-खोत दोनदा तुटले. घरात येणाऱ्या मावशा-आत्या 'मुलीच्या जातीला चष्मा' म्हणून हळहळल्या. मला त्या हळहळीचे काही वाटले नाही. मी रात्री वाढणारे मिलीमीटर मोजत असे.

नागपूरला त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी डोळ्याची लांबी मोजली आणि चार रस्ते सांगितले. पहिला, साधा चष्मा. त्याने दिसेल, वाढ रोखली जाणार नाही. दुसरा, नव्या तऱ्हेच्या काचांचा चष्मा, जो वाढीला थोडा आळा घालतो. तिसरा, रोज रात्री अॅट्रोपीनचा अगदी सौम्य थेंब. हे अॅट्रोपीन आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही असते. सिंगापूरच्या डॉक्टरांनी मुलांवर त्याची पद्धतशीर चाचणी करून २००६ साली निष्कर्ष छापले आणि पुढे २०१२ मध्ये फार थोड्या मात्रेचे. चौथा रस्ता ऐकून मी खुर्चीतच सरसावून बसलो. रात्री झोपताना डोळ्यांत एक कडक लेन्स घालायची. सकाळी काढून ठेवायची. आणि दिवसभर चष्म्यावाचून, लेन्सवाचून हिंडायचे. शाळेत, मैदानात, तळ्याकाठी.

"झोपेत डोळा दुरुस्त होतो?" मी विचारले.

"दुरुस्त नाही होत," त्या म्हणाल्या. "एका दिवसापुरता आकार बदलतो."

बुबुळासमोर काचेसारखी पारदर्शक भिंत असते. तिला पारपटल म्हणतात. मध्यभागी तिची जाडी जेमतेम अर्धा मिलीमीटर. आपण जो प्रकाश आत घेतो तो वळवण्याचे बहुतेक काम हीच करते. रात्रीची लेन्स या पारपटलापेक्षा मध्यभागी थोडी सपाट घडवलेली असते. ती प्रत्यक्ष टेकत नाही. दोहोंमध्ये अश्रूंचा अतिशय पातळ थर असतो. मिटलेल्या पापणीखाली रात्रभर तो थर पारपटलाच्या अगदी वरच्या पेशींवर दाब देतो. मध्यावरचा थर किंचित पातळ होतो, कडेचा जाड होतो. हा फरक केवढा, तर डोक्याच्या केसाच्या जाडीच्या पाव हिश्शाहूनही कमी. तेवढ्या सपाटीने चित्र मागे सरकते आणि दृष्टिपटलावर येऊन बसते. लेन्स थांबवली की पेशी पुन्हा आपल्या जागी येतात. काही दिवसांत डोळा होता तसा होतो.

कल्पना आजची नव्हे. शिकागोच्या जॉर्ज जेसन नावाच्या नेत्रतज्ज्ञाने १९६२ साली मुद्दाम सपाट लेन्स वापरून नंबर उतरवण्याची रीत मांडली. पण त्या काळच्या लेन्समधून प्राणवायू आत जात नसे. त्या घालून झोपणे म्हणजे डोळ्याचा श्वास कोंडणे. प्राणवायू जाऊ देणारे प्लास्टिक निघाले, पारपटलाचा नकाशा काढणारी यंत्रे आली, आणि २००२ साली अमेरिकेत या लेन्स रात्री वापरण्याला सरकारी मान्यता मिळाली. पुढे हाँगकाँगमध्ये सहा ते दहा वर्षांच्या मुलांवर दोन वर्षे प्रयोग झाला. त्याचा निकाल २०१२ साली छापून आला. साध्या चष्म्याच्या मुलांचा डोळा ०.६३ मिलीमीटर लांबला होता, रात्रीच्या लेन्सवाल्यांचा ०.३६. म्हणजे वाढ थांबली नाही. पण शंभरातली त्रेचाळीस पावले कमी पडली. साध्या चष्म्यात समोरचे चित्र जागेवर येते, कडेचे मात्र दृष्टिपटलाच्या मागे पडते आणि डोळा त्याच्या मागे धावतो; या लेन्सने कडेचेही चित्र पुढे येते, म्हणून धाव मंदावते, असे तज्ज्ञ मानतात.

किंमत ऐकली तेव्हा मी चष्मा काढून पुसला. नवी स्कूटर घेण्याचा विचार तेथेच मागे पडला. पण मला खरे थांबवले ते किमतीने नव्हे, डॉक्टरीणबाईंच्या पुढच्या बोलण्याने. २००१ च्या सुमारास पूर्व आशियात अनेक मुलांचे डोळे या लेन्समुळे बिघडले. जंतुसंसर्गाने पारपटलावर जखमा झाल्या आणि काहींची नजर कायमची गेली. सिडनीच्या दोन संशोधकांनी अशा पहिल्या पन्नास रुग्णांचा हिशेब २००५ साली मांडला. जवळजवळ तिसऱ्या हिश्शात दोषी निघाला तो अकॅन्थअमीबा नावाचा एकपेशीय जीव. आणि हा जीव राहतो तो नळाच्या, विहिरीच्या, तळ्याच्या पाण्यात. पुढे काळजी वाढली, लेन्स सुधारल्या. तरी अमेरिकेत २०१३ साली छापलेल्या पाहणीचा अंदाज असा की दहा हजार मुलांनी वर्षभर या लेन्स वापरल्या, तर त्यांतल्या चौदा-एक जणांना असा संसर्ग होतो.

दहा हजारांत चौदा. शिक्षकाच्या डोक्याला ही संख्या नगण्य वाटते. बापाच्या डोक्याला ती एकच वाटते.

घरी आल्यावर आईला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवले.

"लोकं डोऱ्यात तेल घालून लेकराले पाहतेत," ती म्हणाली, "अन् तू डोऱ्यात काच घालून रायला!"

काच नाही, प्लास्टिक आहे, असे मी सांगून पाहिले. त्याने तिचे समाधान होण्यासारखे नव्हते. माझेही झाले नव्हते. एकीकडे दहा हजारांतले चौदा, दुसरीकडे माझ्या उजव्या डोळ्यातली वाकडी रेघ. आठवडाभर मी आणि सौ. रात्री याच विषयावर बोलत राहिलो. शेवटी तिने एक वाक्य टाकले. "धोका लेन्समध्ये किती आणि आपल्या हातांत किती, ते आधी ठरवा." तो निर्णयच होता. एप्रिल २०२४ मध्ये, शाळेला सुट्ट्या लागताच, लेन्स आल्या.

शर्टाच्या बटणाएवढी, किंचित निळसर झाक असलेली एक टिकली. तिच्यासाठी घरात जे सोवळे सुरू झाले ते माझ्या आजीनेही पाळले नसेल. नखे कापलेली हवीत. हात साबणाने धुवायचे. मग स्वच्छ पंचाने कोरडे करायचे, कारण हाताला राहिलेला पाण्याचा थेंबही चालत नाही. लेन्सला पाणी म्हणून लावायचे नाही. तिच्या औषधी पाण्यानेच चोळायची, त्यातच बुडवून ठेवायची, आणि ते औषधी पाणी रोज नवे. डबी दर महिन्याला बदलायची. डोळा लाल, दुखरा किंवा पाणावलेला असेल, ताप असेल, तर त्या रात्री लेन्स नाही. मी हे सारे सुवाच्य अक्षरात लिहून आरशाशेजारी चिकटवले. सवय, फळ्यावर लिहिल्याशिवाय मला काही खरे वाटत नाही.

पहिल्या रात्री तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आले आणि माझे हात कापले. सौ.ने मला बाजूला केले आणि दोन्ही लेन्स घातल्या. सकाळी अर्धा नंबर उतरला होता. आठवडाभरात सारा उतरला. एका सकाळी पोर अंथरुणात बसल्या बसल्या पलीकडच्या भिंतीवरचे 'कालनिर्णय' वाचू लागली. "आजी, आज संकष्टी आहे गं!" ती ओरडली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, भिंतीकडे पाहिले, नातीकडे पाहिले. त्या दिवसापासून तिथी विचारायची तर नातीला, असा तिने नेम धरला. लेन्सबद्दल मात्र एक शब्द बोलली नाही. माघार घेण्याची तिची रीतच तशी आहे.

मग आला ऑगस्ट. धानाची रोवणी उरकली होती, तीन दिवस झड लागली होती आणि वीज गेलेली. मेणबत्तीच्या उजेडात मी डबी साफ करीत होतो. सौ. माहेरी गेली होती. औषधी पाण्याची बाटली संपत आलेली. नवी उद्या येणार. उरलेले लेन्सपुरते राखावे, म्हणून मी डबी माठातल्या पाण्याने विसळली. पिण्याचे पाणी, गाळलेले, उकळलेले! ज्याने नियम स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीवर लावले, त्यानेच ते मोडले, आणि तेही चार पैशांच्या काटकसरीने.

दोन दिवसांनी सकाळी तिचा डावा डोळा लाल होता. ती उजेडाकडे पाहीना. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, लेन्स आणि डबी दोन्ही बरोबर घ्या आणि आज निघा. गोंदिया ते नागपूर रेल्वेने दोन-अडीच तासांचे अंतर. त्या दिवशी मला ते कोल्हापूरइतके वाटले. पोर माझ्या मांडीवर डोके ठेवून, डोळ्यांवर ओढणी घेऊन पडली होती. मी तिला माठाची गोष्ट सांगितली. न सांगणे मला जमले नसते.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी चष्मा लावला असता एक दिवस."

नशीब असे की पारपटलावर जखम नव्हती. नुसता दाह होता. तो माझ्या पाण्याने आला की वेगळ्या कशाने, ते सांगता येत नव्हते, आणि डॉक्टरीणबाईंनी मला तो दिलासाही दिला नाही आणि दोषही दिला नाही. त्यांनी थेंब दिले आणि डबी कचऱ्यात टाकली. दोन आठवडे लेन्स बंद.

त्या दोन आठवड्यांत मला ही लेन्स खरी समजली. पोरीची नजर एकदम गेली नाही. उतरत्या उन्हासारखी गेली. आधी फळ्यावरची बारीक अक्षरे, मग पलीकडच्या ओसरीवरचा माणूस, मग माझ्या चेहऱ्यावरचे भाव. आठवड्याने जुना चष्मा नाकावर आला. एका संध्याकाळी पाऊस थांबला असताना ती चष्मा हातात घेऊन दारात उभी होती. रस्त्यावरचे दिवे लागले होते.

"बाबा," तिने विचारले, "हीच का तुमची झेंडूची फुलं?"

"हीच."

"छान आहेत," ती म्हणाली, आणि चष्मा लावून आत आली.

तेव्हा मनात आले की तिला मिळालेली नजर उसनी आहे. शेजारच्या घरून वाटीभर साखर आणावी तशी ती रोज रात्री आणायची आणि दुसऱ्या रात्री पुन्हा हात पुढे करायचा. एक रात्र चुकली की वाटी रिकामी होऊ लागते. खेड्यात उसनवारीला कमीपणा मानीत नाहीत. मात्र जो वेळेवर फेडतो त्यालाच पुन्हा मिळते. येथे फेड कशाने करायची, तर धुतलेल्या हातांनी. आणि या उसनवारीत एक गोष्ट मात्र तिच्या पदरी कायमची पडते. जेवढा डोळा लांबला नाही तेवढा नाहीच लांबला. दिवसाची नजर परक्याची; न वाढलेले ते मिलीमीटराचे अंश तिच्या स्वतःच्या मालकीचे. पण त्यालाही मुदत आहे. हाँगकाँगच्याच संशोधकांना २०१७ साली असे आढळले की चौदाव्या वर्षापर्यंत लेन्स मध्येच सोडल्या तर डोळ्याची वाढ पुन्हा वेग घेते. म्हणजे आम्हांला अजून काही वर्षे हात धुवायचे आहेत.

दोन आठवड्यांनी लेन्स पुन्हा घालाव्यात की नाही, हे या खेपेला मी ठरवले नाही. तिला विचारले. ती म्हणाली, "घालीन. पण डबी मी धुणार." तेव्हापासून ती धुते. यंदा वर्षाची मोजणी झाली तेव्हा डोळा थोडा लांबला होता, पण आधीच्या वर्षाच्या मानाने पुष्कळ कमी. लेन्स नसत्या तर किती लांबला असता ते कोण सांगणार? एकाच पोरीला दोनदा नऊ वर्षांची करून पाहता येत नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगताना मला थोडे अवघडल्यासारखे होते. दरवर्षी मी माझ्या वर्गाची डोळेतपासणी करतो. भिंतीवर तक्ता लावायचा, मुलाला सहा मीटरवर उभे करायचे, एक डोळा झाकायचा आणि इंग्रजी 'ई'चे पाय कोणीकडे वळले आहेत ते हाताने दाखवायला सांगायचे. गेल्या वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने पहिल्या ओळीलाच हात खाली सोडला. हा मुलगा दोन वर्षे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत होता आणि मी त्याला दोन वर्षे नक्कल करतो म्हणून रागावत होतो. बाबांना एका रात्रीत जे कळले ते मला दोन वर्षांत कळले नव्हते. त्याला सरकारी योजनेतून चष्मा मिळाला. तो त्याने दप्तरात कंपासपेटीखाली ठेवला, कारण मुले हसतात. माझ्या लेकीला नागपूर, आणि माझ्याच वर्गातल्या लेकराला कंपासपेटी! मी त्याला एकट्याला बोलावून दंडारीची गोष्ट सांगितली. सोंगाड्यासह, जीभ काढून दाखवून. तो हसला, आणि वेळेवर हसला. दुसऱ्या दिवशी चष्मा नाकावर होता.

रात्रीच्या लेन्स मी साऱ्या वर्गाला देऊ शकत नाही. पण एक उपाय फुकटचा आहे. चीनमधल्या ग्वांगझाऊ शहरात बारा प्राथमिक शाळा घेऊन तीन वर्षे प्रयोग केला. निम्म्या शाळांतल्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जास्त उघड्यावर नेले. २०१५ साली निकाल आला. नेहमीसारख्या चाललेल्या शाळांत शंभरातल्या साडेएकोणचाळीस मुलांना निकटदृष्टिता आली. उघड्यावर गेलेल्यांत साडेतीस जणांना. ज्याला चष्मा लागला त्याचा तो उतरत नाही. पण लागायचा असलेला कित्येकांचा टळतो. आमच्याकडे उन्हाचा तोटा नाही. मुलेच आता घरात, खिडकी लावून, हातातल्या चौकटीकडे पाहत बसतात. तेव्हापासून माझा वाचनाचा तास शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली भरतो. तेथे पुस्तकाकडे पाहून झाले की दूरच्या बांधाकडे पाहायचे, असा नियम आहे. सारस दिसला तर तास संपला. आजवर तास एकदाच संपला आहे.

हे लिहितो आहे तेव्हा दिवाळी तोंडावर आली आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आई ओट्यावर पणत्या मांडील. धाकटी अकरा वर्षांची झाली आहे. फटाक्यांच्या वेळी मोठा गॉगल लावायचा, हे तिने स्वतःच ठरवले आहे. गेल्या दिवाळीतली गोष्ट. सारे आवरल्यावर मी ओट्यावर बसून चष्मा काढला आणि माझी जुनी फुले पाहत बसलो. उजव्या डोळ्यात ती थोडी वाकडी फुलतात. ती शेजारी येऊन बसली.

"मला ज्योत दिसते," ती म्हणाली. "वातीपाशी निळी असते."

मला पणतीच्या ज्योतीतला निळा रंग कधी दिसलेला नाही, चष्म्यातूनही नाही. मी तिला तो दोनदा सांगायला लावला. मग आतून सौ.ची हाक आली, साडेदहा वाजले म्हणून. पोरीचे हात चकलीने तेलकट आणि फुलबाजीने काळे झाले होते. ती उठली. न्हाणीघरात साबण लावून हात चोळण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि मी बाहेर बसून तो पुरा थांबेपर्यंत ऐकला.